चटणीच्या दिवसांतली कादंबरी

गेल्या आठवड्यात एका सकाळी गल्लीत पहिली शिंक ऐकली. मग दुसरी. मग समोरच्या घरातून खोकल्याची उबळ आली आणि तिच्यामागून वास आला. कुणीतरी मिरच्या भाजायला घेतल्या होत्या. शिमगा सरला की आमच्या मंगळवार पेठेत असंच सुरू होतं. पत्र्यांवर, गच्च्यांवर, अंगणातल्या जुन्या लुगड्यांवर मिरच्या वाळत पडतात आणि सगळी गल्ली लाल होते. वर्षाची चटणी करायची असते. मिरचीच्या तिखटाला आमच्याकडं चटणीच म्हणतात. मिरच्यांबरोबर कांदा, लसूण, खोबरं, तीळ, धने असं सगळं भाजून कांडायचं, बरणीत दाबायचं आणि पुढच्या शिमग्यापर्यंत पुरवायचं.

हा वास आला की बाकीच्या बायकांचे हात शिवशिवतात. माझं मात्र मनच जागेवर राहत नाही. दूध तापायला ठेवते आणि तिथून उठते. केर अर्धा काढते आणि खिडकीशी जाऊन उभी राहते. काय पाहिजे ते मला ठाऊक असतं. मला नवी कादंबरी पाहिजे असते, आणि तीही आमच्याच लेखकाची.

आमचा लेखक म्हणजे आम्ही त्याला कधी पाहिलेला नाही. पुस्तकाच्या मागच्या बाजूला त्याचा टाय लावलेला फोटो असायचा, तेवढीच ओळख. मी लग्न होऊन या घरात आले तेव्हासुद्धा तो जुनाच लेखक होता आणि त्याची पुस्तकं वाचनालयात एका फळीवर मावत नव्हती. वर्षाला दोन, कधी तीन कादंबऱ्या यायच्या. नावात एक तरी सावली नाहीतर चंद्र असायचाच. आत बंगला असायचा, बंगल्याला मोठं फाटक असायचं, आणि तिसऱ्या प्रकरणात कुणाचा तरी चहा गार व्हायचा. चहा गार झाला की समजायचं, आता काहीतरी वाईट बातमी येणार. तरी ती येईपर्यंत मला पुस्तक खाली ठेववायचं नाही. सगळं माहीत असताना असं का व्हावं, याचं मला अजून नवल वाटतं. सणाला पुरणपोळीच होणार हे माहीत असतं, तरी सकाळपासून तिच्यासाठी जीव टांगलेला असतोच. तसंच काहीसं असेल.

पाडव्याच्या सुमाराला वाचनालयात नवी पुस्तकं यायची. सभासद आमचे हे. ते गिरणीतून सुटले की सायकल तिकडं वळवायचे. त्यांना वाचायची आवड नव्हती, पण माझ्यासाठी जायचे आणि तसं कधी बोलून दाखवायचे नाहीत. सगळी नावं सारखीच असल्यानं त्यांचा घोटाळा व्हायचा. मागच्याच महिन्यात वाचलेलं पुस्तक पुन्हा घेऊन यायचे. मला परत पाठवा म्हणायचा संकोच वाटायचा. मग आम्ही तेच पुन्हा वाचायचो. दुसऱ्यांदा वाचतानाही चहा गार झाला की शेजारची जैनबभाबी म्हणायची, आता काय होतंय देव जाणे.

वाचायचो म्हणजे मी मोठ्यानं वाचायची आणि बाकीच्या ऐकायच्या. माझी चौथी झाली आणि शाळा सुटली, पण वाचायची गोडी तेवढ्यातच लागली होती. एरवी मी चार माणसांत तोंड उघडत नाही. पाहुणे आले की स्वयंपाकघरातून बाहेर येत नाही. कुणी नाव विचारलं तर तेसुद्धा पदराआडून सांगते. पण पुस्तक हातात असलं की आवाज कुठून यायचा कोण जाणे. ते शब्द माझे नसायचे म्हणून असेल. "निघून जा, मला तुमचं तोंडही पाहायचं नाही," असं मी भर दुपारी, सासूच्या पुढ्यात, खणखणीत आवाजात म्हटलेलं आहे. नायिका म्हणाली म्हणून मी म्हणाले.

परसात जुन्या लुगड्यावर मिरच्यांचा ढीग असायचा. त्याच्याभोवती बसून देठं खुडायची. माझे हात मात्र कोरडे ठेवायचे, अशी रीत पडली होती. जी वाचेल तिच्या वाटणीच्या मिरच्या बाकीच्यांनी खुडायच्या. सासूबाईंना, म्हणजे आमच्या आत्याबाईंना, ही रीत मान्य नव्हती. पुस्तकवाला काय जेवाय घालतोय काय, असं त्या म्हणायच्या. पण माझ्या वाटणीचा ढीग पहिल्यांदा त्याच आपल्याकडं ओढायच्या. मी ऐकत न्हाई, माझं लक्ष न्हाई, असं सारखं सांगायच्या आणि मी पान उलटायला थांबले की त्यांचे हात थांबायचे.

जैनबभाबीला मराठी वाचता येत नव्हतं. तिचा नवरा गल्लीच्या तोंडाशी चपला शिवायचा. ऐकायला सगळ्यांत आधी तीच यायची. नायिकेचं नाव आलं की मला थांबवून पुस्तकात डोकवायची आणि अक्षरावर बोट ठेवून विचारायची, "हितं हाय व्हय ती?" मी मान हलवायची. मग ती त्या अक्षराकडं अशी बघायची, जशी काही तिथं ती मुलगी बसली आहे. बोट मिरचीचं असायचं. आमच्या घरून परत गेलेल्या पुस्तकांत नायिकेच्या नावावर जागोजागी लाल ठिपके असायचे. तुमच्या घरची पुस्तकं आम्हाला शिंका देतात, असं वाचनालयातले गृहस्थ ह्यांना एकदा म्हणाले. तरी नवं पुस्तक आलं की कपाटात मागं सारून ह्यांच्यासाठी ठेवायचे.

एकदा तर गंमतच झाली. पुस्तकातला भला डॉक्टर मेला. भाबीला हुंदका आला आणि तिनं तशाच हातानं डोळे पुसले. तिचं बघून आत्याबाईंचा हातही डोळ्याकडं गेला. मग काय, आग आग झाली. कुणी खोबरेल शोधतंय, कुणी पाण्याची घागर. त्यात ह्यांची सायकल दारात आली. सगळ्या बायका रडताना बघून ह्यांनी टोपी काढली आणि उंबऱ्यावरच बसले. कोण गेलं, म्हणून हळूच विचारलं. भाबी म्हणाली, डॉक्टर गेला. ह्यांनी खाली मान घातली आणि म्हणाले, "कुठला? आपल्या चौकातला?"

हे आठवलं की अजून हसू येतं. पण वास जास्त आला की मन तिथं थांबत नाही, त्यानंतरच्या एका वर्षाकडं ओढ घेतं. नणंद माहेरी आली ते वर्ष.

माझी नणंद मालन इचलकरंजीला दिली होती. नवरा मागावर कामाला. दर शिमग्यानंतर ती चार दिवस माहेरी यायची आणि वर्षाची चटणी घेऊन जायची. लेकीची चटणी आईनं करायची, पण तिच्या सासरच्या जिभेची करायची, अशी आमच्याकडची रीत. आम्ही ब्याडगी मिरची खाणारी माणसं, रंगाला जास्त आणि तिखटाला बेताची. तिच्या सासरी संकेश्वरी लागायची, तीही भरपूर, वर मूठभर लवंगी. म्हणून तिच्या मिरच्या वेगळ्या आणायच्या, वेगळ्या कांडायच्या आणि वेगळ्या बरणीत भरायच्या.

त्या वर्षी ती ट्रंक घेऊन आली. चार दिवसांसाठी कुणी ट्रंक आणत नाही. डाव्या हातात एकही बांगडी नव्हती. फुटल्या, म्हणाली. आत्याबाईंनी पुढं काही विचारलं नाही, कासाराला बोलावून हात भरला. बांगड्या चढवताना मालननं दोनदा हात मागं घेतला, तेव्हा दंडावरचं काळंनिळं मला दिसलं आणि आत्याबाईंनाही दिसलं. कासार गेला. आत्याबाई मिरच्या उन्हात सारायला उठल्या. सगळ्यांनी असंच धरलं की मालन चटणीला आली आहे. शेजारीपाजारी तसंच सांगितलं. चटणी झाली की जाईल.

त्यामुळं घरात एक विचित्र घालमेल सुरू झाली. एरवी ज्या कामाची घाई असायची, ते काम कुणालाच उरकायला नको होतं. मालन एक मिरची उचलायची, देठ खुडायची, मिरची वाजवून बघायची, मग दुसरी उचलायची. आत्याबाई म्हणायच्या, अजून एक ऊन दाखवू. पण चैत्राचं ऊन कुणासाठी थांबतं? मिरच्या कडकडीत वाळल्या, कांडून आल्या. मालनची बरणी भरली, तोंडाला फडकं बांधलं आणि माजघरात फळीखाली ठेवली. येता-जाता ती बरणी दिसायची. मालन तिच्या बाजूनं वळसा घालून जायची. तेवढ्यात सांगावा आला की रविवारी पावणं, म्हणजे मालनचा नवरा, न्यायला येणार.

आणि त्याच आठवड्यात ह्यांनी नवी कादंबरी आणली. कोरी. अजून पानांना शाईचा वास होता. पाठीमागं तोच फोटो, तोच टाय. नवं पुस्तक दोनच दिवस मिळायचं, रविवारी संध्याकाळी परत द्यायचं होतं. मला अगदी लाज वाटली, घरात काय चाललंय आणि माझं मन कशात आहे. पण दुपारी आमच्या घरच्या मिरच्यांचा ढीग पडला तसा भाबी म्हणाली, वाच की. मालनसुद्धा म्हणाली, वाच वैनी. म्हणून वाचायला बसले.

पहिल्या प्रकरणात बंगला आला, दुसऱ्यात फाटक. चहा तिसऱ्यातच गार झाला. पण मग आमच्या लेखकानं वेगळंच केलं. पुस्तकाच्या मधोमध नायिका बॅग भरते आणि बंगल्यातून बाहेर पडते. फाटक लावून घेते. मागं बघत नाही. मी ते पान वाचलं. मालननं ते पान मला पुन्हा वाचायला लावलं.

भाबीला काळजी नव्हती. जाईल परत, म्हणाली, ह्याच्या सगळ्या जातात. हे खरंच होतं. इतकी वर्षं आम्ही त्याला वाचत होतो आणि शेवटच्या प्रकरणात त्याची प्रत्येक नायिका घरी परत गेली होती. कधी नवरा आजारी पडायचा, कधी मूल. आम्ही तर त्या परत येण्यासाठीच वाचायचो. मालन म्हणाली, ही न्हाई जायाची. भाबी म्हणाली, जाईल. दोघींची हुज्जत लागली. आत्याबाई म्हणाल्या, खोट्या बाईसाठी कशाला भांडताय गं. पण त्या दिवशी त्यांनी माझ्या वाटणीच्या मिरच्या ओढून घेतल्या आणि एकही खुडली नाही.

रविवारी सकाळी मला राहवलं नाही. चुलीवर खोबरं भाजायला टाकलं होतं. एका हातात उलथणं आणि दुसऱ्या हातात पुस्तक, असं मी शेवटचं प्रकरण उभ्यानं वाचून काढलं. ती स्टेशनवर बसलेली असते. तो येतो. खोकत असतो, दाढी वाढलेली असते. काही बोलत नाही, नुसती तिची बॅग उचलतो. ती वाकते आणि त्याच्या पायाला हात लावते. खरं सांगायचं तर माझे डोळे भरून आले आणि मला फार बरं वाटलं. आतून काहीतरी जागच्या जागी बसल्यासारखं वाटलं. मग वास आला. बघते तर खोबरं काळं झालेलं. आत्याबाई कढईत डोकावून म्हणाल्या, लेखकानं कोळसा केला की गं.

दुपारी पावणं आले. बाहेरच्या खोलीत बसले. मी आतूनच चहा दिला. हे त्यांच्याशी पावसापाण्याचं, मागाचं, विजेचं बोलत राहिले. परसात आम्ही चौघी होतो. राहिलेल्या मिरच्या होत्या आणि पुस्तक माझ्या मांडीवर मिटलेलं होतं. आत जाऊन ट्रंक भर, असं मालनला कुणीच म्हणत नव्हतं आणि तीही उठत नव्हती. खाली मान घालून खुडत होती.

मग मान वर न करता तिनं विचारलं, "वैनी, शेवट वाचलास न्हवं?"

मी व्हय म्हटलं.

"जाती का ती परत?"

मी कधी कुणाला काही सल्ला दिलेला नाही. माझं मत कुणी विचारत नाही आणि विचारलं तर मला ते सापडत नाही. हे मत नव्हतं, पुस्तकात होतं तेच सांगायचं होतं. भाबीचे हात थांबले होते.

"जाती," मी म्हटलं.

"कोण येतं न्यायाला?"

"तोच येतो. स्टेशनावर."

"आणि ही काय करती?"

"पाया पडती."

मालननं हातातलं देठ खुडलं. मिरची ढिगात टाकली. मग म्हणाली, "मिट ते पुस्तक. मला न्हाई ऐकायचं."

पुस्तक मिटलेलंच होतं. तरी मी त्याच्यावर हात दाबून धरला.

आत्याबाई उठल्या. गुडघ्यावर हात टेकून सावकाश उठल्या, पदराला हात पुसले आणि बाहेरच्या खोलीत गेल्या. आम्हाला त्यांचा आवाज ऐकू येत होता. चढलेला नव्हता. रोजच्यासारखाच होता.

"चहा घेतलासा न्हवं पावणं? मग निघा आता. चटणी मुरली न्हाई अजून."

पावण्यांनी काहीतरी म्हटलं. चटणी मागनं पाठवा, हिला तेवढी लावून द्या, असं.

"चटणीबिगर लेक कशी लावून देऊ? रीत हाय आपली. मुरली की सांगावा धाडतो."

हे उठले. सायकल काढून पावण्यांना स्टँडवर सोडायला गेले आणि येताना पुस्तक परत करायचं म्हणून तेही घेऊन गेले. शेवटचं प्रकरण परसात कुणी ऐकलं नाही. भाबीनंही पुन्हा कधी विचारलं नाही, आणि तिला ते किती ऐकायचं होतं हे मला माहीत होतं.

पंधरा दिवसांनी पावणं परत आले. चटणी मुरली नव्हती. वैशाखात आखितीला आले, तेव्हाही मुरली नव्हती. दोन्ही वेळा आत्याबाईंनी त्यांना पोटभर जेवू घातलं आणि तेच सांगितलं. बरणी फळीखाली तशीच होती, फडक्यावर धूळ बसत होती. गल्लीत कुजबुज सुरू झाली होती, आणि मालन रात्रंदिवस कामाला जुंपल्यासारखी राबायची, जशी काही इथल्या भाकरीचं मोल चुकतं करते आहे. अजून काहीच ठरलेलं नव्हतं. आपण कुठल्या घरच्या हे तिला कुणी सांगितलं नव्हतं.

मला त्या दिवसांत झोप नीट लागायची नाही. मी स्वतःलाच विचारायची, तुला शेवट वाचून बरं का वाटलं? ती बंगल्यातली बाई परत गेली म्हणून तुझे डोळे भरले, आणि ही परसातली बाई परत जाऊ नये म्हणून तुझा जीव मुठीत. मग खरी तू कोणती? एवढंच कळलं की पुस्तकातल्या बाईचा दंड मी कधी पाहिला नव्हता.

आखाडातला एक दिवस होता. सण नाही, वार नाही. भाकरी आणि पिठलं. आमची बरणी अजून अर्धी भरलेली होती. आत्याबाई जेवायला वाढायला उठल्या, फळीखाली वाकल्या आणि मालनच्या बरणीचं फडकं सोडलं. गाठ सुटेना, तेव्हा दातानं सोडली. वाटीत चटणी काढली, तेल घातलं आणि सगळ्यांच्या ताटात वाढली. पहिल्यांदा मालनच्या.

संकेश्वरी ती. वर लवंगी. पहिल्या घासाला माझ्या कानातून धूर निघाला. ह्यांचं नाक लाल झालं, डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं. पण ते दुसरी भाकरी मागून घेऊन खात राहिले. मालन ताटाकडं बघत होती.

"आई, लई तिखट हाय की गं तुमाला."

"खा," आत्याबाई म्हणाल्या. "आता हितलीच हाय ती."

ती बरणी आम्ही पुढच्या शिमग्यापर्यंत खाल्ली. रोज डोळ्यांतून पाणी काढत खाल्ली आणि कुणी एकदाही तूप मागितलं नाही.

आता आत्याबाई नाहीत. मालन पोलकी शिवते, तिच्या शिलाईला पेठेत नाव आहे. दुपारभर तिच्या मशीनचा आवाज येत असतो. आमच्या घरात एकच बरणी असते, ब्याडगीची, पण त्यात मालन लवंगी टाकते. जिभेला लागली ती सवय सुटत नाही, म्हणते. कुणाची लेक माहेरी येऊन राहिली तर गल्लीतल्या बायका अजून विचारतात, मुरली का न्हाई तिची चटणी?

आणि आमचा लेखक अजून लिहितो. मागच्या फोटोत केस पांढरे झालेत, टाय मात्र तोच असावा. नायिका आता नोकरी करतात, स्वतः गाडी चालवतात. चहा अजून तिसऱ्या प्रकरणातच गार होतो.

परवा ह्यांनी नवी आणली, काल निम्मी वाचून झाली. आज दुपारी परसात मिरच्या पसरल्या. भाबी आली, तिचे गुडघे दुखतात म्हणून पाट घेऊन बसली. मालननं मशीन थांबवलं. मी चष्मा लावला आणि वाचायला लागले. आवाज अजून येतो, कुठून ते अजून ठाऊक नाही. आम्ही चिडलो, हसलो, नायिकेच्या सासूला शिव्या घातल्या. भाबीनं नावावर बोट ठेवून बघितलं. शेवटचं प्रकरण आलं तशी मालन उठली. दरवर्षी उठते. पत्र्यावरच्या मिरच्या उलथायला शिडीनं वर गेली. मिरच्या सकाळीच उलथलेल्या होत्या.

मी आवाज बारीक केला आणि भाबीच्या कानाशी तोंड नेऊन वाचलं. ती परत गेली. भाबीनं सुस्कारा टाकला. मलाही बरं वाटलं, नेहमीसारखं, आणि नेहमीसारखीच वर नजर गेली. पत्र्यावर मिरच्यांचा खळखळ आवाज येत होता.

"संपली?" मालननं वरून विचारलं.

"संपली."

मिरच्या थांबल्या. शिडीच्या टोकावरून तिचं तोंड दिसलं, उन्हानं आणि मिरचीनं लाल झालेलं.

"दुसरी कधी येती?"